झोम्बी माणूस आहे का?

कायद्याच्या पुस्तकात ‘माणूस’ हा शब्द आला, तर त्यात मेल्यावर उठून चालू लागलेलं प्रेत धरायचं की नाही? प्रश्न पारावरच्या गप्पांतला वाटेल. पण जर्मनीच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाला तो गांभीर्याने सोडवावा लागला. त्या निकालाची तारीख २० ऑक्टोबर १९९२. या प्रश्नामागे एका विलक्षण चित्रपटप्रकाराची गोष्ट आहे. या प्रकाराला ‘स्प्लॅटर’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रक्ताचा सडा घालणारे भयपट.

मी कवी माणूस. रक्त दिसलं की मान वळवणारा. यातले काही चित्रपट मी पुतण्याच्या आग्रहावरून पाहिले, तेही बरेचदा डोळ्यांवर हात धरून. तरीही त्यांची कथा सांगावीशी वाटते. कारण ती रक्तापेक्षा जास्त शब्दाची कथा आहे.

भयपट जर्मनीला नवे नाहीत. १९२० सालचा ‘डॉ. कॅलिगारी’, १९२२ सालचा ‘नोस्फेराटू’ हे जगभरच्या भयपटांचे पूर्वज. त्यांत भीती होती ती सावल्यांची. पुढे नाझी राजवटीत ही परंपरा तुटली आणि युद्धानंतरही पूर्वीसारखी बहरली नाही. मग १९८० च्या सुमारास घरोघरी व्हिडिओ आला. त्याबरोबर अमेरिकेतले आणि इटलीतले रक्तबंबाळ चित्रपट थेट दिवाणखान्यात पोचले. पालक हबकले. १९८४ मध्ये तिथल्या झेड. डी. एफ. या दूरचित्रवाणीने ‘मामा, पापा, झोम्बी’ नावाचा माहितीपट दाखवला आणि चर्चेला उधाण आलं. १९८५ मध्ये हिंसेचं उदात्तीकरण करणाऱ्या साहित्याविरुद्धचं कलम १३१ अधिक कडक झालं.

आता गंमत पाहा. जर्मन राज्यघटनेचं पाचवं कलम स्पष्ट सांगतं, की सेन्सॉरशिप असणार नाही. मग कात्री चालते कशी? ती तीन पायऱ्यांनी चालते. चित्रपट व्यवसायाने १९४९ पासून स्वतःच चालवलेली एक संस्था वयानुसार प्रमाणपत्र देते. त्यानंतर १९५४ पासून एक सरकारी कार्यालय मुलांना घातक वाटणाऱ्या गोष्टींची यादी ठेवत आलं आहे. यादीत नाव गेलं की त्या चित्रपटाची उघड जाहिरात करता येत नाही, तो मुलांच्या नजरेस पडेल असा दुकानात मांडता येत नाही. आणि शेवटची पायरी म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्ती. या भीतीने वितरक आधीच हात आखडतात आणि स्वतःच चित्रपट कापून टाकतात.

परिणाम काय झाला? शौकीन तरुण न कापलेल्या कॅसेटी ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्समधून मिळवू लागले. त्यातल्या काहींनी तर स्वतःच कॅमेरा उचलला. हँबर्गच्या आंद्रेआस श्नास याने १९८९ मध्ये ‘व्हायलंट शिट’ नावाचा चित्रपट काढला. नावात शिवी आहे आणि चित्रपटही तितकाच ओबडधोबड आहे. भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा, सुट्टीचे दिवस, मित्रमंडळी हेच नट आणि खर्च जेमतेम. कथा म्हणावी तर कार्ल नावाचा कसाई सुरा घेऊन हिंडतो, एवढीच. पण १९९२ मध्ये दुसरा भाग आला, त्यात कार्लचा मुलगा. १९९९ मध्ये तिसरा, २०१० मध्ये चौथा. म्युनिकच्या परिसरातल्या ओलाफ इटेनबाख याचं शिक्षण दात तयार करणाऱ्या तंत्रज्ञाचं. साचे आणि मेण यांत मुरलेला हा हात जखमा तयार करण्यात वाकबगार निघाला. ‘द बर्निंग मून’ हा त्याचा १९९२ चा चित्रपट.

दुसरे-तिसरे भाग निघत का राहिले, याचं कारण साधं आहे. असा चित्रपट मोठ्या चित्रपटगृहात लागत नाही, वर्तमानपत्रात त्याची जाहिरात येत नाही. मग ओळखीचं नाव हीच जाहिरात. ज्याने पहिला भाग हातोहात मिळवून पाहिला, तोच दुसऱ्याचं गिऱ्हाईक. बंदीच्या यादीतलं नाव तर या मंडळींना शिफारशीसारखं वाटे.

या साऱ्यांत वेगळा ठरला बर्लिनचा यॉर्ग बुटगेराइट. १९८७ मध्ये त्याने घरगुती सुपर-८ कॅमेऱ्यावर ‘नेक्रोमांटिक’ काढला. अपघातातली प्रेतं उचलणारा एक नोकर प्रेत घरी घेऊन येतो, असा विषय. आमच्याकडे मय्यत झाली की तिला आंघोळ घालतात, कापूर लावतात, हलक्या हाताने कबरीत उतरवतात. त्यामुळे हा चित्रपट मला किती जड गेला, हे सांगायला नको. पण त्यात एक प्रसंग आहे. एक माणूस ससा मारून सोलतो, आणि ते खरं आहे. बाकीचं सगळं खोटं. गंमत अशी, की लोक चिडतात ते खोट्या प्रेतावर. दुसऱ्या भागात, म्हणजे १९९१ च्या ‘नेक्रोमांटिक २’ मध्ये, नायिका मैत्रिणींबरोबर सील प्राण्याची चिरफाड टीव्हीवर पाहत बसते. तिथे दिग्दर्शक प्रेक्षकापुढे चक्क आरसा धरतो.

तो दुसरा भाग म्युनिकच्या वेर्कष्टाटकीनो या छोट्या चित्रपटगृहात लागला, आणि जून १९९१ मध्ये पोलिसांनी प्रत जप्त केली. आरोप हिंसेच्या उदात्तीकरणाचा. प्रकरण दोन वर्षं चाललं. तज्ज्ञाचं मत मागवलं गेलं आणि १९९३ मध्ये कोर्टाने सांगितलं, की ही कलाकृती आहे. पुढे याच बुटगेराइटने जर्मन रेडिओसाठी नभोनाट्यं केली. रेडिओवर बोलणाऱ्या मला याचं फार अप्रूप वाटतं. रक्ताचा थेंबही न दाखवता घाबरवायचं!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेच्या सॅम रायमीचा १९८१ सालचा ‘द इव्हिल डेड’ १९८४ मध्ये जर्मनीत पोचला आणि जप्त झाला. कलम १३१ मध्ये लिहिलं होतं, ‘माणसांवरील’ क्रूर हिंसा. पण या चित्रपटात तुकडे होतात ते सैतानाने झपाटलेल्या देहांचे. खालच्या कोर्टांनी ठरवलं, की ते माणसासारखे दिसतात, म्हणजे माणूसच. घटनात्मक न्यायालयाने हे मानलं नाही. शिक्षेचा कायदा इतका स्पष्ट हवा, की नागरिकाला आधीच कळलं पाहिजे, काय केलं तर गुन्हा होतो. ‘माणूस’ म्हटलं तर माणूस. झोम्बीला त्यात ओढून घालता येणार नाही.

मला हा निकाल मोलाचा वाटतो, तो झोम्बीच्या प्रेमापोटी नव्हे. शब्द ताणणं हा माझा रोजचा उद्योग. नदीला आई म्हणायचं, दगडाला साक्षीदार करायचं, त्याशिवाय कविता होत नाही. पण कवितेतला शब्द ताणला तर फार तर वाचक पान उलटतो. कायद्यातला शब्द ताणला तर कुणाच्या तरी दारावर पोलिसांची थाप पडते. आज किळसवाण्या चित्रपटासाठी ताणलेला शब्द उद्या चांगल्या पुस्तकासाठीही ताणता येतो. म्हणून ज्याच्यावर आपलं मुळीच प्रेम नाही, अशाच्या बाबतीत कायदा नेमका राहतो की नाही, हे पाहायला हवं.

जर्मन संसदेनेही मग सरळ मार्ग धरला. कलमात ‘माणसं किंवा माणसासारखे जीव’ असे शब्द घातले आणि २००४ पासून ते लागू झाले. तो बदल मला पटो वा न पटो, तो उघडपणे, चर्चा करून, कागदावर लिहून झाला. आणि ‘द इव्हिल डेड’? त्याची जप्ती २०१६ मध्ये उठली. ज्या मुलांना त्याच्यापासून वाचवायचं होतं, ती तोवर स्वतःच आईबाप झाली होती.