ढोकळ्यावरचे लाल ठिपके: आम्ल आणि आम्लारी यांची ओळख

आजचा भाग स्वयंपाकघरातून सुरू करू या.

ढोकळा छान पिवळा दिसावा म्हणून पिठात हळद थोडी जास्त पडली. खायचा सोडा घाईत टाकला, नीट ढवळला नाही. वाफ देऊन झाकण काढलं तर पिवळ्या ढोकळ्यावर लालसर ठिपके! आई म्हणते, "सोडा जास्त झाला." तिचं अगदी बरोबर आहे. पण सोडा पांढरा आणि हळद पिवळी, मग हा लाल रंग आला कुठून?

पांढऱ्या शर्टावरच्या हळदीच्या डागाचंही तसंच. साबण लावला की तो लाल होतो, भरपूर पाण्याने धुतला की पुन्हा पिवळा. हळदीतला पिवळा रंग करक्युमिन नावाच्या पदार्थाचा असतो. साबण, सोडा, चुना यांची गाठ पडली की करक्युमिनच्या रेणूत बदल होतो आणि तो लाल दिसू लागतो. हळद आणि चुना यांपासून कुंकू करतात ते याच गुणावर. असा रंग बदलून समोरच्याचा स्वभाव सांगणाऱ्या पदार्थाला 'दर्शक' म्हणतात. म्हणजे प्रयोगशाळेतल्या लिटमसचं काम आपल्या मिसळणाच्या डब्यातली हळदही करते.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

आपली मालिका इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशा ठिकाणची मराठी मुलंही बघतात. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. म्हणून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. मराठी पुस्तकातली जोडी आहे आम्ल, आम्लारी आणि क्षार. हिंदी पुस्तकात तेच अम्ल, क्षारक आणि लवण. इंग्रजी माध्यमात अ‍ॅसिड, बेस आणि सॉल्ट. नीट पाहा, मराठीतला 'क्षार' म्हणजे सॉल्ट आणि हिंदीतला 'क्षारक' म्हणजे बेस. शब्द सारखे वाटतात, अर्थ वेगळे. इथे गफलत झाली तर पुढचा सगळा धडा उलटा समजतो.

आम्ल देतं, आम्लारी घेतं

स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८० च्या दशकात सांगितलं की काही पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण होतात, म्हणजेच आयन. या विचारानुसार पाण्यात हायड्रोजन आयन सोडतं ते आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन सोडतं ते आम्लारी. पुढे १९०३ साली त्यांना नोबेल पुरस्कारही मिळाला.

पण आपला खायचा सोडा इथे अडचण करतो. त्याचं नाव सोडियम बायकार्बोनेट. त्यात हायड्रॉक्साइड नाहीच, तरी तो हळद लाल करतो. मग १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सोपी व्याख्या दिली: जो हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता हे वाक्य ढोकळ्याला लावून बघू. लिंबूफुलाने हायड्रोजन आयन दिला, सोड्याने घेतला. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार झाला. त्या बुडबुड्यांनी ढोकळा फुगला. देणारा आणि घेणारा एकमेकांना पुरे पडले की दोघांचाही जोर संपतो. यालाच उदासिनीकरण म्हणतात. पण सोडा नीट मिसळलाच नाही तर काही कणांना आम्ल भेटत नाही. ते तसेच राहतात, आणि वाफेत तापून त्यांतल्या काहींचं धुण्याच्या सोड्यात रूपांतर होतं, जो आणखी तीव्र आम्लारी आहे. तिथली हळद लाल होते. हेच ते ठिपके! त्यावर लिंबू पिळून बघा, पिवळा रंग परत येईल.

पीएचची शिडी

किती आंबट, किती तुरट हे आकड्यात कसं सांगायचं? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेनसन यांनी १९०९ साली पीएचची पट्टी मांडली. मराठी पुस्तकात याला 'सामू' असंही म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारीधर्मी. लिंबाचा रस साधारण २, दूध ६.६ च्या आसपास, आपलं रक्त ७.४ च्या जवळ, चुन्याची निवळी १२ च्या वर.

इथे बहुतेक मुलं फसतात. २ आणि ४ हे आकडे जवळचे वाटतात. पण या शिडीची प्रत्येक पायरी १० पटींची आहे. एक पायरी उतरलात की हायड्रोजन आयन १० पट, दोन उतरलात की १०० पट. दुधाचा सामू ६.६ वरून ४.६ वर आला की त्यात १०० पट हायड्रोजन आयन झाले. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून हेच करतात, आणि या टप्प्यावर दुधातलं केसीन नावाचं प्रथिन एकत्र येऊन घट्ट होतं. आपण म्हणतो, दही लागलं.

तीव्र वेगळं, दाट वेगळं

परीक्षेत नेहमी विचारला जाणारा फरक. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आम्लाचे जे रेणू असतात, त्यांतला साधारण दोनशेतला एकच हायड्रोजन आयन सोडतो, बाकीचे धरून बसतात. म्हणून ते सौम्य आम्ल. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेलं की जवळपास सगळंच देऊन टाकतं. म्हणून ते तीव्र. पाण्यात किती आम्ल आहे, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर दाट की पातळ असं द्यायचं. तीव्र आम्लाचं पातळ द्रावण असू शकतं आणि सौम्य आम्लाचं दाट. दाट अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य असूनही कातडी भाजतं, हे विसरू नका.

आता न्हाणीघरातली बाटली

हा भाग करण्याचं खरं कारण हे आहे. फरशी आणि संडास धुण्यासाठी जे 'अ‍ॅसिड' आणतात ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले, तरी कित्येक घरांत ती बाटली अजून असते. तीन गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगा.

पहिली: अ‍ॅसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. 'दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल' असं वाटतं. पण आम्ल हायड्रोजन आयन देतं, ब्लीच तो घेतं आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जो विषारी वायू शस्त्र म्हणून सोडला गेला, तोच हा. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चुकून झालंच तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या.

दुसरी: अंगावर किंवा डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर वर सोडा किंवा चुना लावू नका. पुस्तकात उदासिनीकरण शिकलेल्या मुलाला हाच उपाय सुचतो, आणि तो चुकीचा आहे. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते आणि जखम आणखी भाजते. वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धुवा, भिजलेले कपडे काढा आणि डॉक्टरांकडे जा. कोणी गिळलं असेल तर उलटी करवू नका, सरळ रुग्णालय गाठा.

तिसरी: पातळ करायचंच असेल तर पाण्यात अ‍ॅसिड ओता, तेही हळूहळू. अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतू नका. बॅटरीच्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये पाणी पडलं की इतकी उष्णता निघते की वरचं पाणी उकळतं आणि अ‍ॅसिड तोंडावर उडतं.

या आठवड्याचा गृहपाठ

पाण्यात हळद कालवून त्यात कोरे कागद बुडवा, वाळवा, पट्ट्या कापा. साबणाचं पाणी, सोडा, ताक, लिंबू, चहा यांचा एकेक थेंब टाका आणि रंग वहीत लिहा. एक गंमत दिसेल: ताक आणि साधं पाणी, दोन्हींत पट्टी पिवळीच राहते. हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि पाणी यांत फरक करत नाही. मग लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून तो अर्क वापरा. लिंबाने तो गुलाबी लाल होईल, सोड्याने हिरवट.

या प्रयोगाला फक्त स्वयंपाकघरातल्या वस्तू घ्या, न्हाणीघरातली बाटली नाही. आणि प्रत्येक थेंबाला एकच प्रश्न विचारा: इथे देणारा कोण आणि घेणारा कोण? भेटू पुढच्या भागात. नमस्कार!