एका वॅटचा शंभरावा भाग

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी चाचणीच्या पट्ट्यात शिरते, चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि साडेसात मीटरवर लावलेला मायक्रोफोन तिचा आवाज टिपतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपात साध्या मोटारीला या चाचणीत ७४ डेसिबलची मुभा होती. या आकड्यावरून हिशेब मांडला तर थक्क व्हायला होतं. इंजिन, टायर, सायलेन्सर असं सगळं मिळून त्या गाडीतून चहूबाजूंना जी ध्वनिऊर्जा बाहेर पडते, ती भरते जेमतेम ०.००९ वॅट. एका वॅटचा शंभरावा भागसुद्धा नाही. गाडीचं इंजिन ८० हॉर्सपॉवरचं असेल, तर तेच इंजिन त्याच वेळी चाकांना साठ हजार वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतं.

एक्झॉस्टच्या दुकानात पैसे मोजण्याआधी हा आकडा नीट समजून घ्यावा. तिथे भिंतीवर टांगलेली प्रत्येक वस्तू, मग ती चकचकीत टिप असो, रेझोनेटर असो, फ्री-फ्लो असो की नुसता सरळ पाइप, या चिमूटभर ऊर्जेशी खेळत असते. एवढ्याशा ऊर्जेने कान भरतात, कारण आपला कान विलक्षण तिखट आहे. ऐकू येण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या आवाजाला कानाचा पडदा जितका हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. आणि डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. १० डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. २० वाढले की ऊर्जा शंभरपट, ३० वाढले की हजारपट.

आता दाबाकडे बघू. इंजिनावर पूर्ण भार असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट असतो आणि वायू आठशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. हा दाब एकदम सुटतो, तोच धमाका. साडेसात मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी येणारे ७४ डेसिबल म्हणजे मात्र ०.१ पास्कल, वातावरणाच्या दाबाचा दहा लाखावा हिस्सा. ही प्रचंड उतरण काही अंशी अंतरामुळे होते. पण चांगला सायलेन्सर एकटा २० ते ३० डेसिबल खातो. म्हणजे शंभरातला एक, किंवा हजारातला एक भाग आवाज बाहेर जाऊ देतो.

खराब झालेला सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरला की हे काम कसं होतं ते दिसतं. आत पत्र्याच्या आडव्या भिंतींनी केलेले तीन-चार कप्पे असतात. भोकं पाडलेली नळी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, तिथून धूर उलटा फिरून मागच्या कप्प्यात येतो, मग तिसऱ्या नळीने बाहेर. काहींत काचलोकर भरलेली असते, ती काजळीने काळी होऊन एका बाजूला बसलेली सापडते. तळाच्या शिवणीवर गंज हमखास असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, आणि रोज दोन-चार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर ते पाणी उडून जाईल इतका तापतच नाही. कप्प्यांचं काम एकच. धुराला पुढे जाऊ द्यायचं आणि आवाजाच्या लाटेला मागे फिरवून पुढच्या लाटेवर आदळवायचं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्हज बंधूंनी १८९७ साली अशा सायलेन्सरचं पेटंट घेतलं. आजचे सायलेन्सर याच कल्पनेवर उभे आहेत.

हे झालं आवाज किती याबद्दल. तो कसा, हे स्फोटांच्या मोजणीवर ठरतं, आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला १०० स्फोट होतात. तीन सिलिंडरचं असेल, तर ७५. हे गुणोत्तर चारास तीन, म्हणजे तीन सिलिंडरचा षड्ज धरला तर चार सिलिंडरवाली गाडी त्याच्या शुद्ध मध्यमावर बोलते. सहा सिलिंडरवाली चारवालीच्या पंचमावर, आठवाली तिच्या तार षड्जावर. काळी एकचा खर्जाकडचा सा, सुमारे १३९ हर्ट्झ, चार सिलिंडरच्या साध्या हॅचबॅकमध्ये ४,१६० फेऱ्यांच्या आसपास लागतो. २०२४ मध्ये भारतातली स्विफ्ट चारावरून तीन सिलिंडरवर आली, तेव्हा तिचा स्वर म पासून सा पर्यंत खाली उतरला. कोणतीही टिप लावून तो परत चढवता येणार नाही.

आता एका गाडीचा जन्मभराचा हिशेब करू. वरच्या गियरमध्ये किलोमीटरमागे इंजिनाच्या २,००० फेऱ्या धरल्या, तर चार सिलिंडरच्या गाडीत दर किलोमीटरला ४,००० स्फोट होतात. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरले तर सहा लाख, आणि दीड लाख किलोमीटरच्या आयुष्यात साठ कोटी. ते सगळे त्या एकाच पत्र्याच्या डब्यातून जातात.

टिपची गोष्ट सेकंदाला होणाऱ्या त्या १०० स्फोटांवरून स्पष्ट होते. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी बाहेरच्या हवेत ३.४ मीटर, आणि तापलेल्या धुरात ध्वनी जास्त वेगाने धावतो म्हणून नळीत पाच मीटरच्या पुढे. शेवटाला जोडलेली टिप असते पंधरा सेंटिमीटरची. एवढ्या लांब लाटेला ती जाणवतही नाही. फार तर हजार हर्ट्झच्या वर एखादी किणकिण बदलेल. ‘टिपने बेस वाढतो’ असं सांगून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. टिप दिसण्यासाठी असते, आणि त्यासाठी घ्यायला काहीच हरकत नाही.

दिसण्याचे आकडेही असेच चक्रावणारे आहेत. क्रोमची टिप झगमगते, पण तिच्यावरचा क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. खालचा निकेलचा थर त्याच्या कितीतरी पट जाड. टायटॅनियमच्या टिपवर जो निळा-जांभळा-सोनेरी रंग चढतो, त्यात रंगद्रव्याचा कणही नसतो. तापवल्यावर धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक थर येतो. त्याची जाडी नॅनोमीटरांत मोजावी लागते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले वीस-पन्नास. थराच्या वरून आणि तळाकडून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, आणि जाडी थोडी वाढली की पिवळ्याचा निळा होतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंगही याच कारणाने दिसतात. मोटारीच्या मागच्या टोकाला मात्र एवढी उष्णता पोहोचत नाही. तिथला निळा रंग बहुधा दुकानात यायच्या आधीच टॉर्चने किंवा विजेच्या साहाय्याने चढवलेला असतो.

नळीचं तोंड बदलून आवाज वाढवायचा प्रयत्न जगातल्या नामांकित अभियंत्यांनीही केला आहे. २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये व्ही-८ जाऊन १.६ लिटरची टर्बो व्ही-६ इंजिनं आली आणि प्रेक्षक आवाज हरवल्याची तक्रार करू लागले. त्या मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत कर्ण्यासारखं रुंदावणारं टोक लावून पाहिलं. अपेक्षित परिणाम झाला नाही. धुरातली ऊर्जा टर्बोच्या चक्राने आधीच घेतलेली, तर कर्णा वाढवणार काय? शेवटी २०१६ पासून टर्बोला वळसा घालून येणाऱ्या धुरासाठी वेगळी नळी द्यायचा नियम झाला.

सायलेन्सर काढून सरळ पाइप घालणाऱ्यांबद्दल मात्र मला राग आहे, आणि त्याचं कारणही आकड्यांतच आहे. आपल्याकडे निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ७४ डेसिबलची गाडी मोकळ्या मैदानात २१० मीटरवर त्या पातळीला उतरते. तिच्यात २० डेसिबल वाढवले तर तेच अंतर २.१ किलोमीटर होतं, आणि आवाजाखालचं क्षेत्रफळ ०.१४ वरून १४ चौरस किलोमीटरवर जातं. शहरात इमारती आडव्या येतात म्हणून प्रत्यक्ष आकडा बराच कमी भरेल, तरी एका माणसाच्या हौसेपायी किती अंथरुणांवरची झोप मोडते ते लक्षात येतं. आणि ही सगळी धडधड मोजली तर एक वॅटही भरत नाही. जुना झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅटचा असायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये ध्वनीचे निकष मोडणाऱ्यासाठी पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि लायसन्स तीन महिने जातं ते वेगळं.

कानाला गोड लागणारा आवाज मोठा असावा लागत नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा लेक्सस एलएफए. ४.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, ९,००० फेऱ्या, सेकंदाला ७५० स्फोट. हे इंजिन यामाहाच्या साथीने घडलं आणि त्याच्या आवाजावरही यामाहाने काम केलं. मॅनिफोल्डच्या नळ्या सारख्या लांबीच्या ठेवल्या, म्हणजे स्फोट समान अंतराने येऊन स्वर एकसंध लागतो. सायलेन्सर टायटॅनियमचा, मागे तीन नळ्या त्रिकोणात. आयडलवरून ९,००० पर्यंत इंजिन ०.६ सेकंदात चढतं, काट्याला हा वेग झेपेना म्हणून डिजिटल पडदा बसवावा लागला. अशा ५०० गाड्या २०१० ते २०१२ मध्ये बनल्या, आणि जपान, अमेरिका, युरोपात त्या आवाजाचे नियम पाळूनच नंबरप्लेट लावून रस्त्यावर उतरल्या.