विश्लेषण : कीबोर्ड बिघडला की नुसता पोर्ट तुटला?

दिवाळी झाली की गोंदिया-भंडारा जिल्ह्यांतील गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. गोंदिया शहराला लागून असलेले फुलचूर असो की आतल्या भागातले एखादे खेडे, मंचापुढे बसणाऱ्या वादकांकडे आता तबला-पेटीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही दिसतात. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. मध्येच वाद्यातून खरखर येऊन आवाज बंद पडला, की ‘मशीन गेली’ असे समजून ते बाजूला ठेवले जाते. पुष्कळदा मशीन शाबूत असते. केबल जिथे घालतात तो पोर्ट, किंवा त्यामागचा सोल्डरचा जोड तेवढा सुटलेला असतो.

वाद्यावर कोणकोणते पोर्ट असतात?

साधारण चार. पहिला अडॅप्टरचा गोल पोर्ट, म्हणजे डीसी जॅक. दुसरा आवाज बाहेर नेणारा ६.३५ मिलिमीटरचा जॅक. आपल्याकडे दुकानात याच्या पिनेला ‘पी-३८’ म्हणतात. मुळात ही पिन एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर कॉल जोडण्यासाठी वापरत. तिसरा पाच छिद्रांचा गोल मिडी पोर्ट. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत म्हणून १९८३ मध्ये मिडी हे मानक आले. चौथा यूएसबी, बहुतेक वेळा प्रिंटरला असतो तसा चौकोनी.

नेमका पोर्टच का तुटतो?

वाद्याच्या आतल्या भागांना सहसा कुणाचा हात लागत नाही. पोर्टला मात्र रोज ओढाताण सोसावी लागते. पी-३८ पिन वाद्याबाहेर बोटभर डोकावते. अंधारात कुणाचा पाय केबलमध्ये अडकला, की ती पिन पहारीसारखे काम करते आणि सगळा जोर आतल्या सर्किट बोर्डवरच्या तीन-चार सोल्डर बिंदूंवर येतो. तिथे केसासारखी गोल चीर पडते. कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जॅकचा बाहेरचा नट ढिला असेल तर हे लवकर घडते, कारण जोर पेलणे हे त्या नटचे काम असते. त्यात पिकअपमधला खडखडाट, धूळ आणि उघड्यावरचे दव. धूळ व ओलाव्याने संपर्कपट्ट्या काळ्या पडतात आणि खरखर सुरू होते.

दोष पोर्टचाच आहे, हे कसे ओळखायचे?

आधी केबल आणि अडॅप्टर बदलून पाहावा. दुसऱ्या केबलने आवाज नीट आला, तर वाद्य उघडायची गरजच नाही. नव्या केबलनेही पिन हलवल्यावर आवाज येत-जात असेल, तर संशय पोर्टवर.

फसवणारे दोन प्रकार आहेत. हेडफोनची पिन घातली की वाद्याचे स्पीकर बंद होतात, कारण त्या जॅकमध्ये एक छोटी स्विचपट्टी असते. ती वाकली किंवा काळी पडली, की पिन नसतानाही स्पीकर मुके राहतात. मग स्पीकर गेले असे वाटते. अनेक कीबोर्डच्या डीसी जॅकमध्येही बॅटरी आणि अडॅप्टर यांत अदलाबदल करणारी अशीच पट्टी असते. वाद्य बॅटरीवर चालते आणि अडॅप्टरवर नाही, असे झाले तर अडॅप्टर मल्टिमीटरने तपासून मग जॅककडे वळावे.

दुरुस्ती कशी होते?

अडॅप्टर काढून, सेल बाहेर घेऊन काही मिनिटे थांबायचे. स्क्रू कुठला कुठे होता, पट्टीसारखी रिबन केबल कशी बसली होती, याचे मोबाइलवर फोटो काढत जायचे. पोर्ट बहुधा वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो. भिंगातून पाहिले की सोल्डरभोवतीची चीर दिसते.

जॅक धड असेल आणि नुसता जोड सुटला असेल, तर फ्लक्स लावून, जुने सोल्डर काढून नवे भरले की काम होते. इस्त्री साधारण ३५० अंशांवर आणि प्रत्येक बिंदूवर दोन-तीन सेकंद, एवढे पुरते. नव्या वाद्यांत शिसेविरहित सोल्डर असते. ते सुमारे २१७ अंशांना वितळते, तर शिसे-कथिलाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांच्या पुढे. जुन्यावर थोडे नेहमीचे सोल्डर मिसळले, की ते सहज निघते. काम हवेशीर जागी करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

जॅकच तुटला असेल तर तो बदलावा लागतो. नवा घेताना जुना सोबत न्यावा. पायांची संख्या, त्यांमधले अंतर, उंची आणि स्विचपट्टी हे सारे जुळले पाहिजे. हुबेहूब मिळाला नाही, तर पॅनेलवर नटने बसणारा जॅक घेऊन तो वायरने बोर्डला जोडता येतो. बोर्डवर ताण येत नसल्याने तो मूळ जॅकपेक्षा टिकाऊही ठरतो.

कोणती चूक महागात पडते?

सोल्डर पुरते वितळण्याआधी जॅक ओढणे. त्याने बोर्डवरचा तांब्याचा पातळ ट्रॅक उखडतो. मग पुढच्या बिंदूपर्यंत बारीक वायर टाकून तो जोडावा लागतो. दुसरी चूक म्हणजे हलणारा पोर्ट गोंदाने चिकटवणे. आतली चीर तशीच राहते आणि पुढच्या कारागिराचे काम वाढते.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक अडॅप्टरची. पिन बसते म्हणून कुठलाही अडॅप्टर चालत नाही. काही कंपन्यांच्या कीबोर्डला मधली पिन निगेटिव्ह लागते, काहींना पॉझिटिव्ह. व्होल्टही ९, ९.५, १२ असे वेगळे असतात. जॅकशेजारी छापलेले चिन्ह आणि आकडा जुळवूनच अडॅप्टर लावावा. नाहीतर छोटा बिघाड मुख्य बोर्डपर्यंत जातो.

अ‍ॅम्प्लिफायर किंवा पॉवर्ड मिक्सर घरी उघडू नये. त्यांच्यात थेट २३० व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो.

दुरुस्ती कुणाकडे करायची?

वॉरंटी असेल तर कंपनीच्या केंद्राकडेच. वाद्य उघडल्यास वॉरंटी जाऊ शकते. वॉरंटी संपली असेल, तर पोर्टसाठी गोंदियाहून रेल्वेने १३० किलोमीटरवरचे नागपूर गाठण्याआधी जवळचा टीव्ही-रेडिओ किंवा मोबाइल कारागीर पाहावा. मोठे जॅक टीव्हीवाला बदलू शकतो. बारीक पायांच्या यूएसबीसाठी हॉट एअर आणि सूक्ष्मदर्शक लागतो, आणि मोबाइल दुरुस्तीचे काम याच साधनांवर चालते. कारागिराला ‘मशीन बंद आहे’ असे न सांगता ‘पिन हलवली की आवाज जातो’ असे सांगावे. त्याचा वेळ आणि आपले पैसे वाचतात.

केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. सुरुवातीला शेती अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली गेली. वाद्यांचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता. म्हणूनच वादकांना अजून स्थानिक कारागिराचा आधार मोठा आहे.

प्रयोग सुरू असतानाच पोर्ट गेला तर?

आउटपुट गेला असेल तर हेडफोन जॅकमधून मिक्सरला आवाज देता येतो. त्यासाठी स्टिरिओ पिनेची केबल घ्यावी आणि आवाज शून्यापासून हळूहळू वाढवावा. डीसी जॅक गेला आणि वाद्यात सेलची सोय असेल, तर सेलवर रात्र निभावते. म्हणून नव्या सेलचा एक संच पेटीत असावा. यूएसबी गेला आणि वाद्यावर मिडी पोर्ट असेल, तर तो वापरता येतो.

पुन्हा तुटू नये म्हणून काय करावे?

केबलचा एक वेढा स्टँडच्या पायाला द्यावा, म्हणजे पाय अडकला तरी झटका पोर्टपर्यंत जात नाही. काटकोनी पिन वापरावी. पिन काढताना वायर ओढू नये. गाडीत वाद्य ठेवण्याआधी सगळ्या केबल काढाव्यात. रोज जोडणी-सोडणी होत असेल, तर पोर्टमध्ये एक छोटी एक्स्टेन्शन केबल लावून ठेवावी. झीज तिची होते आणि ती बदलणे सोपे असते. जॅकचे नट हंगामाआधी एकदा घट्ट करावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते दिवाळीपूर्वी झालेले बरे. मंडया सुरू झाल्या की कारागीर आणि वादक, दोघांनाही उसंत नसते.