‘श्री राजा शिव’ लिहिलंय, पण नाणं कोणाच्या काळातलं?

कोकण आणि घाटमाथा यांच्यातली ये-जा शतकानुशतकं बोरघाटानं झाली. त्यामुळे खालापूर-कर्जतच्या एखाद्या जुन्या घरात, देव्हाऱ्यात किंवा फडताळात तांब्याची शिवराई नाहीतर राणीछाप रुपया निघाला, तर नवल नाही. नाण्याबरोबर ऐकीव गोष्टीही निघतात. त्या पारखून घ्यायला हव्यात.

गैरसमज : ‘श्री राजा शिव’ दिसलं, म्हणजे नाणं शिवकालीन.

वस्तुस्थिती : शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर मात्र पुढे पेशवाईतही कायम राहिला. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई उत्तरकाळातली. काळ ठरतो तो अक्षरांचं वळण, ठिपक्यांची कड आणि वजन यांवरून.

गैरसमज : अक्षरं तुटकी असतील तर नाणं नकली.

वस्तुस्थिती : शिवराई हातानं ठोकलेली. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असला की कडेची अक्षरं बाहेरच राहतात. संशय यावा तो ओतीव नाण्याचा: भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा बोथट, कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ. दोन नाण्यांवर एकच ओरखडा एकाच जागी दिसला, तर ती एका साच्यातली भावंडं समजावीत.

गैरसमज : चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे रुपया अस्सल चांदीचा.

वस्तुस्थिती : तांबं-पितळही चिकटत नाही. चुंबकानं फक्त लोखंडी नक्कल पकडता येते. १८३५ पासूनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि त्यानंतरच्या राणीछाप रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम. झिजेनं थोडं घटतं. पण बरंच कमी किंवा जास्त भरलं, तर सावध व्हावं.

गैरसमज : कंपनीचं राम-दरबार किंवा हनुमान छाप नाणं ‘तांदूळ ओढतं’ आणि कोटीला जातं.

वस्तुस्थिती : ईस्ट इंडिया कंपनीनं असं नाणं कधी चलनात आणलंच नाही. ‘तांदूळ ओढणं’ ही निव्वळ फसवणूक.

गैरसमज : घासूनपुसून लख्ख केलं की भाव वाढतो.

वस्तुस्थिती : चिंच किंवा पितांबरी लावली की वर्षानुवर्षं चढलेला रंग जातो, बारीक चरे उमटतात आणि संग्राहक पाठ फिरवतो. दागिन्यासाठी कडी डाखलेल्या रुपयाचंही तसंच. नाणं कडेनं धरावं, जसंच्या तसं ठेवावं.

गैरसमज : जितकं जुनं, तितकं महाग.

वस्तुस्थिती : भाव ठरतो दुर्मीळपणा आणि स्थिती यांवर. १८६२ सालाचे रुपये पुढे १८७४ पर्यंत त्याच सालानं पडत राहिले; म्हणून ते मुबलक. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कुणी जुन्या नाण्यांसाठी शुल्क मागितलं तर देऊ नये. बँक असा व्यवहार करत नाही, हे तिनं २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

गैरसमज : शेतात किंवा पाया खणताना सापडलं, ते आपलंच.

वस्तुस्थिती : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो ठेवा होता तसाच दाखवला, तर नाणी कुठून आली आणि कशासोबत पुरली होती, हेही कळतं. ती माहिती एकट्या नाण्यातून मिळत नाही.