तळावलीचे संत अन्ना चर्च : आपल्याच माणसांनी उभारलेले देवाचे घर

गोव्याच्या यात्रेला जाणारे आपले बहुतेक भाविक जुन्या गोव्यापर्यंत जातात. बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घ्यावे, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये प्रार्थना करावी आणि परतीची वाट धरावी, असा क्रम जणू ठरूनच गेलेला आहे. त्याच तिसवाडी तालुक्यात, गोवा वेल्हा आणि पिलार यांच्या परिसरात तळावली नावाचे गाव आहे. तेथील संत अन्ना चर्चकडे मात्र फारच थोड्यांची पावले वळतात. भारतातील बारोक वास्तुशैलीच्या उत्कृष्ट नमुन्यांमध्ये या चर्चची गणना होते. ते कोणा राजाने, व्हाइसरॉयने किंवा युरोपीय धर्मसंघाने बांधलेले नाही. ते एका खेड्याचे चर्च आहे आणि त्याचे बांधकाम दोन गोमंतकीय धर्मगुरूंनी करवून घेतले. या एका गोष्टीसाठी तरी आपण त्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

वृद्धेने मागितलेले घर

संत अन्ना म्हणजे पवित्र मरियेची माता आणि प्रभू येशूची आजी. बायबलमध्ये तिचा उल्लेख येत नाही. दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या बायबलबाह्य ग्रंथात अन्ना आणि योआकीम या दांपत्याची कथा आढळते. दीर्घकाळ अपत्यहीन राहिलेल्या या दांपत्याला उतारवयात कन्यारत्न लाभले, असे त्यात सांगितले आहे. ख्रिस्तसभा २६ जुलै रोजी या दोघांचा सण साजरा करते.

तळावलीच्या चर्चला हे नाव कसे मिळाले, याविषयी गावात एक परंपरा सांगितली जाते. सोळाव्या शतकात तेथे लहानसे प्रार्थनामंदिर उभारावयाचे होते. ते कोणत्या संताला समर्पित करावे, असा प्रश्न होता. त्या सुमारास एका ग्रामस्थाला दर्शन झाले. डोक्यावर टोपी आणि हातात काठी असलेली एक वृद्धा टेकडी उतरून गावाकडे येत होती आणि मला या गावात राहावयाचे आहे, असे सांगत होती. ती वृद्धा म्हणजेच संत अन्ना, अशी गावकऱ्यांची श्रद्धा बसली. परंपरा ही इतिहासाच्या पुराव्यासारखी तपासता येत नाही. परंतु गावाने आपल्या चर्चकडे कोणत्या भावनेने पाहिले, हे तिच्यातून समजते. घर शोधत आलेल्या एका आजीला गावाने घर दिले, ही ती भावना होय.

बांधणारे कोण होते?

आज उभी असलेली भव्य वास्तू सतराव्या शतकाच्या अखेरची आहे. १६८१-८२ च्या सुमारास येथील प्रमुख धर्मगुरू फादर फ्रान्सिस्को दो रेगो यांनी बांधकामास प्रारंभ केला. १६८९ पर्यंत ते या कार्यात होते. त्यानंतर फादर आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा यांनी १६९५ साली काम पूर्णत्वास नेले.

या घटनेचे महत्त्व जाणण्यासाठी त्या काळाची परिस्थिती ध्यानी घ्यावी लागते. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन हे मोठे धर्मसंघ तेव्हा युरोपीयांच्या हाती होते. स्थानिक तरुणांसाठी त्यांची दारे जवळजवळ बंदच असत. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनाही येशूसंघात प्रवेश मिळू शकला नाही; पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. गोव्यातील स्थानिक तरुण धर्मगुरू होत असत, परंतु ते धर्मप्रांतीय धर्मगुरू म्हणून खेड्यापाड्यांतील चर्चमध्ये सेवा करीत. आपली पात्रता सिद्ध करण्याची संधी त्यांना क्वचितच मिळे. तळावलीचे चर्च उभे राहत होते, त्याच काळात, १६८५ मध्ये, संत जोसेफ वाझ जुन्या गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले आणि त्यांनी त्याला ऑरेटरीचे रूप दिले. १६८७ साली ते श्रीलंकेला रवाना झाले. स्थानिक ख्रिस्तसभा स्वतःच्या पायांवर उभी राहत असल्याची ही चिन्हे होती.

या चित्राला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे उचित होणार नाही. १५४०-४१ मध्ये तिसवाडीतील हिंदू मंदिरे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती कार्याकडे वळविण्यात आले. तळावलीचेच सुपुत्र फादर आंतोनियो जुआंव द फ्रियास यांनी १७०२ साली लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थानिक धर्मगुरूंचा कैवार घेतला. पण तो ब्राह्मण कुळांच्या श्रेष्ठत्वाचा आधार घेऊन. म्हणजे परकीय भेदभावाविरुद्ध उभे राहताना जातिभेद मात्र तसाच राहिला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून इतिहासात घडलेल्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. आपल्या वारशाचा अभिमान बाळगताना ही नम्रताही आपल्याजवळ असावयास हवी.

दर्शनी भाग

चर्चसमोर उभे राहिल्यावर प्रथम नजरेत भरते ती उंच, पांढरीशुभ्र दर्शनी भिंत. तिच्या दोन्ही बाजूंस पाच मजली चौकोनी मनोरे आहेत. मनोरे आणि मधला भाग एकाच रचनेत गुंफलेले असल्यामुळे संपूर्ण दर्शनी भाग एखाद्या भव्य पडद्याप्रमाणे भासतो. खिडक्या आणि स्तंभ यांची मजल्यामागून मजला पुनरावृत्ती होते आणि पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप वर चढत जाते. सतराव्या शतकात रोममध्ये बहरलेल्या बारोक शैलीचे हेच उद्दिष्ट होते. भाविकाच्या नजरेबरोबर त्याचे अंतःकरणही वर उचलले जावे, अशी त्यामागील कल्पना होती.

या रचनेची प्रेरणा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन चर्चमधून घेतली गेली, असे वास्तुकलेचे अभ्यासक मानतात. आपल्या पापडीच्या कॅथेड्रलप्रमाणेच कृपामातेच्या नावे असलेले ते चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधले गेले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर ते ओस पडले. १८४२ साली त्याचे छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भाग ढासळला. आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीच्या एका मनोऱ्याचे अवशेष तेवढे उरले आहेत. मूळ चर्च नष्ट झाले. त्याचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले खेड्यातील चर्च मात्र आजही उभे आहे.

अंतर्भाग

आत प्रवेश केल्यावर प्रशस्त सभागृह, त्यावरील कमानदार छत आणि समोर मुख्य वेदी दिसते. भिंतींतील कोनाड्यांचे माथे शिंपल्याच्या आकाराचे आहेत. नक्षीकामात पाने-फुले उमललेली दिसतात. युरोपीय आराखड्यावर येथील कारागिरांचा हात फिरल्याची ती खूण होय.

भिंतींच्या जाडीचा येथे कुशलतेने उपयोग केला आहे. काही भिंती आतून पोकळ असून त्यांतून चालत जाता येते. प्रायश्चित्त संस्कारासाठी येणाऱ्यास कोणाच्याही दृष्टीस न पडता पापनिवेदन करता यावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे या सोयीचे मोल किती असेल, हे खेड्यात वाढलेल्या आम्हांस वेगळे सांगावयास नको!

खिडक्यांच्या लाकडी चौकटींत काचांऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या बसविल्या आहेत. त्यांतून येणारा प्रकाश मंद आणि दुधाळ असतो. बाहेर कडक ऊन असले तरी आत डोळे दिपत नाहीत आणि मन सहज प्रार्थनेकडे वळते.

जांभा आणि चुना

चर्चच्या भिंती जांभ्या दगडाच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत आल्यावर कठीण होतो. तथापि तो सच्छिद्र असतो. कोकणच्या पावसात उघडा राहिला तर पाणी शोषून घेतो आणि हळूहळू झिजू लागतो. चुन्याचा गिलावा त्याला कवचासारखा जपतो. शिवाय चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंटचा थर दिला, तर तीच ओल आत कोंडून राहते आणि दगड आतून पोखरला जातो. जुन्या चर्चला दर काही वर्षांनी चुना लावण्याची प्रथा केवळ शोभेसाठी नव्हती.

बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. तिचा लालसर दगड आज पर्यटकांना मोहक वाटतो, पण मूळ बांधणाऱ्यांनी तो उघडा ठेवलेला नव्हता. त्या दगडाची झीज हा आता काळजीचा विषय झाला आहे. त्याच बॅसिलिकेच्या दर्शनी भागातील कोरीव काळा दगड आपल्या वसईहून नेलेला होता, हेही येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

तवशांचे फेस्त

जुलैच्या अखेरीस संत अन्नेचा सण येतो, तेव्हा हे शांत गाव गजबजून जाते. या सणास ‘तवशांचे फेस्त’ म्हणतात. तवसे म्हणजे पावसाळ्यात येणारी काकडी. अपत्यप्राप्तीची आस असलेली दांपत्ये काकडी अर्पण करून संत अन्नेकडे मध्यस्थीची याचना करतात. ज्या मातेने स्वतः दीर्घकाळ अपत्यहीनतेचे दुःख सोसले, तिला आपली व्यथा समजेल, असा विश्वास त्यामागे आहे. त्या याचनेत जातपात किंवा धर्माची विचारपूस होत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्धजन यांचा जागतिक दिन सुरू केला, तोही संत योआकीम आणि संत अन्ना यांच्या सणाच्या सान्निध्यात. काठी टेकत गावात घर मागणाऱ्या वृद्धेच्या कथेला त्यामुळे नवा अर्थ लाभतो. आपल्या घरातील वृद्धांना आपण कोणती जागा दिली आहे, असा प्रश्न ती कथा आज विचारते.

वसईकरांचे ऋण

मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. युरोपीय धर्मसंघ निघून गेले आणि किल्ल्यातील भव्य चर्चेस ओस पडली. तरीही आपल्या पूर्वजांची श्रद्धा विझली नाही. गावोगावच्या लोकांनी ती जपली आणि गोव्याहून आलेल्या साध्या धर्मप्रांतीय धर्मगुरूंनी त्यांना संस्कार दिले. तळावलीचे चर्च ज्या धर्मगुरूंच्या परंपरेने उभारले, त्याच परंपरेने पुढे वसईचा नंदादीप तेवत ठेवला. म्हणून तळावलीशी आपले नाते केवळ यात्रेकरूचे नाही.

आपल्या अनेक धर्मग्रामांत जुन्या चर्चची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करण्याचा प्रश्न पुढे येतो. तेव्हा सिमेंटचा पहिला थर चढण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. जुन्या वेद्या, दगडी फलक आणि नोंदवह्या यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. गावातील वृद्धांना आठवत असलेली माहिती लिहून घ्यावी, एवढी नम्र विनंती आम्ही करीत आहोत.

पुढील वेळी गोव्यास जाल, तेव्हा तळावलीसाठी एक तास अवश्य राखून ठेवा. शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणाऱ्या त्या मंद प्रकाशात क्षणभर शांत बसा आणि ज्यांनी आपल्याला श्रद्धेचा वारसा दिला, त्या आपल्या आजी-आजोबांसाठी एक प्रार्थना करा. प्रभूची आजी संत अन्ना आपणा सर्वांसाठी विनंती करो!