सुईच्या नंबरावर ठरते स्वेटरचे माप

दिवाळी सरली की नांदेड-लातूरकडे पहाटे अंगावर काही तरी घ्यावेसे वाटू लागते. दुपारी मात्र ऊन तापते आणि सकाळी घातलेला स्वेटर अकराच्या सुमारास हातात येतो. थंडीची लाट आली तर पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पण असे दिवस मोजकेच. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने तेथे गारठा किंचित अधिक. अशा हवेत हाताने विणलेला कपडा वापरात राहणार की पेटीत पडून राहणार, हे लोकरीइतकेच सुयांवरही अवलंबून असते. दुकानात मात्र लोकरीचा रंग निवडण्यात अर्धा तास जातो आणि सुयांची खरेदी 'दहा नंबरच्या द्या' एवढ्यावर उरकते.

हा नंबर म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला हवे. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक रूढ आहेत. त्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, दहा नंबरची सव्वातीन, बारा नंबरची पावणेतीन, तर चौदा नंबरची अवघी २ मिलिमीटर. हा उलटा हिशेब तारेच्या गेजवरून आला. तार जितक्या वेळा छिद्रांतून ओढावी, तितकी ती बारीक होते आणि तिचा क्रमांक वाढतो. शेतातील पंपाची मोटार जळाल्यावर वायंडिंगवाल्याकडे खेटे घातलेल्यांना हा प्रकार नवा नाही. तेथेही बावीस गेजची तार अठराच्या तारेपेक्षा बारीकच असते.

इंटरनेटवरील नमुने पाहून विणणाऱ्यांची फसगत येथेच होते. अमेरिकेत मोठा नंबर म्हणजे जाड सुई. तेथील आठ नंबर ५ मिलिमीटरचा, म्हणजे आपला सहा. आणि तेथील सहा म्हणजे आपला आठ. दोन्ही पद्धती जुळतात त्या फक्त सात नंबरवर, साडेचार मिलिमीटरला! म्हणून कोणताही नमुना हाती घेताना नंबर सोडून मिलिमीटर पाहावेत. ते दिलेले नसतील, तर नमुना कोणत्या देशातला आहे हे तरी शोधावे.

सुई बरोबर घेतली तरी हात प्रत्येकीचा वेगळा. कोणी दोरा ओढून विणते, कोणी सैल सोडते. समजा, मुलाच्या स्वेटरचा घेर २४ इंच हवा आहे आणि नमुन्यात इंचाला सहा टाके सांगितले आहेत. म्हणजे एकूण १४४ टाके. तुमच्या हाताने इंचात साडेसहा टाके बसले, तर तेच १४४ टाके जेमतेम २२ इंच भरतील. साडेपाच बसले तर २६ इंचांवर जातील. इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक, आणि महिनाभराचे काम उसवायची वेळ! म्हणून आधी चार-पाच इंचांचा चौकोन विणावा, धुवून वाळवावा आणि कडा सोडून मधले टाके मोजावेत. टाके जास्त भरले तर एक नंबर जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक. हात बदलण्यापेक्षा सुई बदलणे केव्हाही सोपे.

बाळंतविड्यातील टोपडे, मोजे, स्वेटर यांना तर उशीर परवडतच नाही. चुकलेले पुन्हा विणून होईपर्यंत बाळ त्या मापातून बाहेर पडलेले असते. आपल्या हवेला तीन पदरी मऊ लोकर आणि नऊ किंवा दहा नंबरची सुई पुरते. वीण हलकी, हवेशीर होते. फार जाड सुईने जाळीदार वीण मात्र घालू नये, तान्ह्याची बोटे त्या छिद्रांत अडकतात. याच घरातील आजोबा-आजी डिसेंबरात सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला निघणार असतील, तर गणित उलटते. नांदेडला पुरेसा वाटणारा स्वेटर दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या थंडीत अपुरा पडतो. त्यांच्यासाठी चार पदरी लोकर घेऊन नेहमीपेक्षा एक नंबर बारीक सुई वापरावी. वीण घट्ट बसते, वारा आत शिरत नाही. त्याहून बारीक जाऊ नये, नाहीतर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते.

स्वेटरची कंबर आणि मनगट यांची पट्टी अंगाच्या विणीपेक्षा दोन नंबर बारीक सुईवर विणतात. अंग दहावर, तर पट्टी बारावर. हे टाळले की काही धुण्यांतच पट्टी लोंबू लागते. मोजे आणि गोल गळ्यासाठी दोन्ही बाजूंना टोक असलेल्या चार सुयांचा संच लागतो. मोठ्या शालीसाठी नायलॉनच्या दोरीने जोडलेली गोल सुई सोयीची, कारण शालीचे वजन मनगटांवर न येता मांडीवर राहते.

नवशिक्यांनी बांबूच्या सुया घ्याव्यात. टाके घसरत नाहीत. सराईत हातांना ॲल्युमिनियमच्या सुयांवर वेग मिळतो. त्यांचा मुलामा उडाला असेल, तर पांढऱ्या लोकरीवर करडे डाग पडतात, एवढे लक्षात ठेवावे.

घरातील जुन्या सुयांच्या बोंडावरचा नंबर पुष्कळदा पुसून गेलेला असतो. म्हणून त्या टाकून देण्याचे कारण नाही. नंबर माहीत असलेल्या सुया जाड पुठ्ठ्यातून आरपार घालून छिद्रे पाडावीत आणि शेजारी नंबर लिहावेत. अनोळखी सुई ज्या छिद्रातून न अडकता, पण सैलही न होता जाईल, तो तिचा नंबर.