क्लॅरिनेटचा एखादाच सूर दबका का येतो?

बँडपथक असो वा वाद्यवृंद, क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: बाकीचे सूर मोकळे येतात, पण एखादाच कोंदट वाटतो. मग रीड बदलली जाते, नवा माउथपीस घेतला जातो, नाहीतर स्वतःच्या फुंकेला दोष दिला जातो. पण खराबी एकाच सुरात असेल, तर आधी बघा: त्या सुराची कळ पुरेशी उघडते का?

नेमकं काय होतं?

कळ उघडली तरी तिचं पॅड छिद्राच्या डोक्यावरच थांबतं. ते फार जवळ राहिलं, तर छिद्र अर्धवट झाकल्यासारखं वागतं. सूर किंचित उतरतो आणि आवाज दबतो.

किती उघडावी?

भूमितीचं साधं गणित आहे. पॅडची उंची छिद्राच्या व्यासाच्या पाव पट असेल, तर कडेने मिळणारी वाट छिद्राच्या क्षेत्रफळाएवढी होते. म्हणजे 12 मिमीच्या छिद्राला किमान 3 मिमी. दुरुस्ती करणारे कारागीर बरेचदा व्यासाच्या एक तृतीयांश, म्हणजे इथे 4 मिमीच्या आसपास उंची ठेवतात.

मग कळ भरपूर उंच का ठेवू नये? कारण सूर चढतो, बोटाला जास्त अंतर कापावं लागतं आणि कळ खटखट वाजते.

उंची कशी बदलते?

कळीच्या दांड्याखाली बुचाचा (कॉर्कचा) छोटा तुकडा चिकटवलेला असतो. कळ किती उघडेल, हे त्याची जाडी ठरवते. बूच पातळ केलं की कळ जास्त उघडते, जाड लावलं की कमी. म्हणून बारीक काचकागदाने थोडंसंच घासावं, वाजवून पाहावं, मगच पुढे जावं. जास्त घासलं गेलं, तर नवं बूच लावावं लागतं.

घरच्या घरी चाचणी

खालचा जी वाजवा आणि उजव्या करंगळीची एफ कळ अगदी किंचित दाबा. सूर लगेच उतरला आणि दबला, तर पॅड आधीच जवळ आहे. फारसा फरक पडला नाही, तर उंची पुरेशी आहे.

दोन सावधगिऱ्या

पहिली, आधी गळती तपासा. पॅडखाली पातळ कागदाची पट्टी धरून कळ बंद करा आणि पट्टी हळूच ओढा. ती चारही बाजूंनी सारखी अडकली पाहिजे. गळकं पॅड उंची बदलून सुधारत नाही. ओलाव्याने फुगलेलं पॅड मात्र छिद्राच्या जवळ येतं, तिथे पॅडच बदलावं.

दुसरी, कळा एकमेकींना जोडलेल्या असतात. खालची ई कळ दाबली की एफचं पॅडही त्याच क्षणी बंद व्हायला हवं. एकीची उंची बदलली, तर दोन्ही पुन्हा जुळवा.

आणि मधल्या सप्तकातला बी फ्लॅट? तो बऱ्याच क्लॅरिनेटांवर थोडा कोंदटच येतो. तिथलं लहान छिद्र रजिस्टर बदलण्याचंही काम करतं. एकाच छिद्राकडून दोन कामं घेतल्याची ती तडजोड आहे. तिथे बूच घासून फार काही हाती लागत नाही.